जलपर्णी धातू शोषते, पण संपवत नाही
पांढुर्णा-सौंसरच्या मँगनीज पट्ट्यातून गोव्याच्या खाणपट्ट्यापर्यंत लागू पडणारा एक धडा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, पांढुर्णा आणि सौंसर ही दोन मराठीभाषक गावे आहेत. पूर्वी ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ मध्ये ती वेगळी काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. राज्य हिंदीभाषक असले तरी इथल्या घराघरांत मराठी बोलली जाते, पोळा साजरा होतो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात प्रसिद्ध गोटमार होते. हीच जाम पुढे कन्हान नदीला मिळते. कन्हान नागपूर शहराला पाणी पुरवते, वैनगंगेत विसर्जित होते आणि अखेर गोदावरीच्या वाटेने समुद्राला जाते. म्हणून जामच्या पाण्यात जे मिसळते त्याचा प्रश्न दोन तालुक्यांपुरता राहत नाही.

या पट्ट्याशी गोव्याचे एक नाते आहे आणि ते भाषेपेक्षाही जुने आहे. गोव्याच्या खाणपट्ट्यात लोहखनिजाबरोबर मँगनीज सापडते, तसेच सौंसरच्या खडकांतही मँगनीज आहे. खाणी, त्यांचे ढिगारे, पावसात वाहून येणारी माती आणि त्या मातीतून पाण्यात उतरणारे धातू हा दोन्हीकडचा समान अनुभव होय. अशा पाण्यातील धातू काढण्यासाठी जलवनस्पतींचा उपयोग करावा, असा विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. नदी-तलावांना विळखा घालणारी जलपर्णीच पाणी शुद्ध करील, ही कल्पना आकर्षक आहे आणि तिला शास्त्रीय आधारही आहे. मात्र हा आधार कुठवर पोहोचतो आणि कुठे संपतो हे समजून घेतल्याशिवाय या उपायाकडे वळणे धोक्याचे ठरेल.

जड धातू आणि त्यांच्या मर्यादा

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त, मँगनीज इत्यादींना सर्वसाधारणपणे जड धातू म्हटले जाते. आर्सेनिक हा काटेकोरपणे धातू नसला तरी त्याचाही समावेश याच यादीत होतो. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात आणि तिचे रूपांतर वायू व पाण्यात होते. धातूंचे तसे होत नाही. ते मूलद्रव्य असल्याने कुजत नाहीत, विघटित होत नाहीत. फक्त जागा बदलतात. पाण्यातून गाळात, गाळातून शेवाळात, शेवाळातून माशात आणि माशातून माणसात असा त्यांचा प्रवास चालतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे, ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅडमियम आणि ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असू नये. मँगनीजसाठी ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरा जलस्रोतच उपलब्ध नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मँगनीजसाठी ०.०८ मिलिग्रॅम हे तात्पुरते मार्गदर्शक मूल्य ठरवले. मँगनीज शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असते. परंतु ते अधिक झाले तर मज्जासंस्थेवर परिणाम करते, आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो. त्याची घरगुती खूण म्हणजे नळाच्या तोंडाशी आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पडणारे काळपट डाग. शिसे किंवा कॅडमियम अशी कोणतीही खूण ठेवत नाहीत. पाणी स्वच्छ दिसते, चवही बदलत नाही.

सौंसरचे खडक, संत्र्याच्या बागा

सौंसरचे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत सर्वत्र आढळते. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि बालाघाटपर्यंत कमानीसारख्या पसरलेल्या प्राचीन रूपांतरित खडकांना ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ ल्युइस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात या भागाचे विस्तृत वर्णन आहे. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, तर छिंदवाडा जिल्ह्यातील सितापार गावावरून एका खनिजाला ‘सितापाराइट’ म्हटले. ते खनिज म्हणजे आधीच ठाऊक असलेले बिक्सबाइटच होय, हे पुढे सिद्ध झाले. देशातील मँगनीज उत्पादनाचा मोठा वाटा आजही याच पट्ट्यातून येतो.

खडकात मँगनीज असले म्हणजे पाण्यात ते असतेच असे नाही. हवेच्या संपर्कातील, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात मँगनीजची काळी ऑक्साइडे जवळजवळ विरघळत नाहीत. प्राणवायू संपला की हीच ऑक्साइडे विरघळू लागतात. खोल विहिरी, जलाशयांचे तळ, साचलेले डोह आणि पाणी भरलेले जुने खाणखंदक या ठिकाणी म्हणूनच मँगनीज पाण्यात उतरण्याची शक्यता अधिक असते. ही एक गोष्ट पुढील संपूर्ण विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

या भागातील दुसरा धातू शेतीतून येतो. पांढुर्णा-सौंसरची संत्री नागपुरी संत्र्यांच्या नावाने देशभर जातात. संत्र्याच्या झाडाला डिंक्या रोग होऊ नये म्हणून पावसाळ्याआधी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावले जाते आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. मोरचूद आणि चुना यांच्यापासून हे मिश्रण तयार करतात, आणि एक किलो मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅम तांबे असते. बागायतदाराचा त्यात काही दोष नाही. फळबाग वाचवण्याचा तो मान्यताप्राप्त आणि स्वस्त उपाय आहे. परंतु तांबे जमिनीत साचत जाते आणि जोरदार पावसात मातीबरोबर ओढ्यात उतरते. माणसाला तांब्याची थोडी मात्रा सोसते. मासे आणि पाण्यातील सूक्ष्म जीव यांना ती सोसत नाही. याशिवाय स्फुरदयुक्त खतांमध्ये कॅडमियमचा अंश असतो, आणि कोणत्याही गावाच्या सांडपाण्यात गॅरेज, रंगकाम, जुन्या बॅटऱ्या व धातूकामातून आलेले शिसे आणि जस्त थोड्याफार प्रमाणात असतेच.

वनस्पती धातू कसे उचलतात?

जलपर्णीचे एक रोप पाण्यातून उचलून पाहिले तर पानांच्या झुबक्याखाली काळसर-जांभळ्या, पिसासारख्या मुळांचा दाट गुच्छ दिसतो. ही मुळे जमिनीत रुतलेली नसतात, पाण्यात लोंबतात. त्यांच्या पेशीभित्तिकांवर ऋण विद्युत्भार असलेले रेणुगट असतात. पाण्यातील बहुतेक धातूंचे आयन धनभारित असल्याने ते या मुळांना चिकटतात. ही पहिली पायरी अगदी वेगवान असून काही तासांत पार पडते. त्यासाठी वनस्पती जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून दळलेल्या मुळांची पूडदेखील धातू धरून ठेवते. बांगलादेशातील जलपर्णीच्या वाळलेल्या मुळांची पूड पाण्यातील आर्सेनिक तासाभरात ९० टक्क्यांहून अधिक काढू शकते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले होते.

दुसरी पायरी सावकाश चालते आणि ती फक्त जिवंत वनस्पतीच करू शकते. लोह, जस्त, मँगनीज ही वनस्पतींची गरज असल्याने ती आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींना खास द्वारे असतात. कॅडमियमचा आयन त्यांच्याशी साधर्म्य राखतो, त्यामुळे तो त्याच द्वारांतून आत शिरतो. आत आलेला घातक धातू पेशीला मारू नये म्हणून वनस्पती फायटोकेलेटिन नावाची लहान प्रथिनसदृश साखळी तयार करते. ही साखळी धातूला घट्ट पकडते आणि पेशीतील रिक्तिकेत बंदिस्त करते. या द्रव्यांचा शोध जर्मनीतील शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये लावला.

तिसरा प्रकार म्हणजे धातूचे रूप बदलणे. क्रोमियमचे षट्संयुजी रूप अत्यंत विषारी आणि पाण्यात सहज विरघळणारे असते. त्रिसंयुजी रूप त्या मानाने सौम्य आणि अविद्राव्य असते. जलपर्णीची बारीक मुळे पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करतात, हे १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. ओडिशातील सुकिंदा येथील क्रोमाइट खाणींच्या पाण्यावर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जलपर्णीने सुमारे १५ दिवसांत षट्संयुजी क्रोमियम जवळजवळ पूर्णपणे काढून टाकले.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या प्रयोगांपैकी काही अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने मिसिसिपी राज्यातील आपल्या प्रयोगशाळेत केले. बिल वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जलपर्णीच्या साहाय्याने शिसे व पारा काढण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९९० च्या दशकात चेर्नोबिल अणुभट्टीजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले वाढवून त्यांच्या मुळांद्वारे किरणोत्सारी सिझियम व स्ट्राँशियम गोळा करण्यात आले. म्हणजेच वनस्पती धातू उचलतात, याविषयी शंका उरलेली नाही.

हिशेब काय सांगतो?

शंका उरते ती प्रमाणाविषयी. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एक हेक्टर क्षेत्राचा, सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव आहे असे समजू. त्यात दीड कोटी लिटर पाणी मावते. या पाण्यात प्रति लिटर १ मिलिग्रॅम मँगनीज असेल, तर तलावात एकूण १५ किलो मँगनीज विरघळलेले असते. मर्यादेच्या आत, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत येण्यासाठी त्यातील साडेतेरा किलो काढावे लागेल.

जलपर्णीच्या एक किलो वाळलेल्या भारात एक ग्रॅम मँगनीज सामावते असे धरले, तर साडेतेरा किलोसाठी साडेतेरा टन वाळलेली जलपर्णी लागते. ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. त्यामुळे तलावातून प्रत्यक्षात बाहेर काढायची वनस्पती भरते २७० टन. तीन टनांची एक ट्रॉली धरली तर ९० फेऱ्या होतात. काठावरच पाणी निथळून ती नीट वाळवली, तर हेच काम पाच फेऱ्यांत भागते. मात्र वाळवण्यासाठी अशी जागा हवी, जिथून पावसाचे पाणी पुन्हा तलावात उतरणार नाही.

हा हिशेब निराशेचा नाही. एक हेक्टर पाण्यावर दाट वाढलेली जलपर्णी २०० ते ४०० टनांपर्यंत भरू शकते, आणि अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे वनस्पतीची क्षमता अपुरी पडत नाही. अडचण येते ती मनुष्यबळाची, वाहतुकीची आणि जागेची. आणि पाण्यात धातू सतत येत राहिला, तर हे चक्र एकदाच पूर्ण करून भागत नाही. ते कायम चालवावे लागते.

न काढलेली जलपर्णी धातू परत देते

जलपर्णीची पाने सतत वाळत असतात, मुळे झडत असतात. ही झड तळाशी जाऊन कुजते आणि त्यातील धातूचा मोठा भाग पुन्हा पाण्यात किंवा गाळात परततो. वाढ भरात असतानाच, म्हणजे झड सुरू होण्यापूर्वी वनस्पती बाहेर काढली नाही, तर वर्षाअखेरीस तलावातील धातूची बेरीज फारशी बदलत नाही. वनस्पती लावण्याचा समारंभ छायाचित्रांसह होतो. कापणीचे अंदाजपत्रक मात्र अनेकदा नसते. योजना फसण्याचे हे पहिले आणि सर्वांत मोठे कारण आहे.

मँगनीजच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर होतो. जलपर्णीने पाण्याचा संपूर्ण पृष्ठभाग झाकला की प्रकाश आत जात नाही, हवेशी संपर्क तुटतो आणि तळाशी कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतो. प्राणवायू संपलेल्या तळाच्या गाळातून मँगनीज विरघळून वर येते, हे वर सांगितलेच आहे. मुळे वरून मँगनीज उचलत असतात आणि गाळ खालून ते पुरवत असतो. सौंसरसारख्या मँगनीजयुक्त मातीच्या प्रदेशात जलपर्णीने गच्च भरलेला तलाव हा शुद्धीकरण प्रकल्प असण्याऐवजी नव्या प्रदूषणाचे कारण ठरू शकतो. डास, मेलेले मासे आणि पानांवाटे वाढलेले बाष्पीभवन हे त्यासोबतचे तोटे. उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या गावाला हा शेवटचा तोटा परवडणारा नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणली गेली आणि आज ती जगातील सर्वाधिक उपद्रवी आक्रमक वनस्पतींमध्ये गणली जाते. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते. ती जिथे नाही तिथे शुद्धीकरणासाठी मुद्दाम नेऊन सोडणे म्हणजे एक संकट टाळण्यासाठी दुसऱ्याला आमंत्रण देणे होय. एका पुरात ती ओढ्यातून जाममध्ये आणि जाममधून कन्हानमध्ये जाईल. जिथे ती आधीच आहे, तिथे ती नियमित काढणे आणि काढताना धातूही बाहेर नेणे, एवढाच तिचा योग्य उपयोग आहे.

धातूनुसार वनस्पती

मँगनीज आणि लोह यांच्यासाठी वेगळी रचना अधिक उपयुक्त ठरते. उथळ चरांत खडी-वाळूचा थर पसरून त्यात पाणकणीस, नळ किंवा वाळा यांसारख्या मुळे रोवणाऱ्या वनस्पती लावायच्या आणि पाणी त्यातून हळूहळू वाहू द्यायचे. या वनस्पती आपल्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा नेतात. मुळांभोवती प्राणवायू पाझरला की लोह गंजासारखे तांबूस पुट होऊन मुळांवर व खडीवर बसते. मँगनीज अधिक चिवट असते. लोह बऱ्याच अंशी निघून गेल्यावर, पाणी आम्लधर्मी नसताना आणि विशिष्ट जिवाणूंच्या मदतीने ते काळ्या थराच्या रूपाने खडीवर जमते. म्हणून अशा वाफ्यांची साखळी करावी लागते: आधी गाळ बसण्याचा खड्डा, मग लोहाचा वाफा, मग मँगनीजचा. अमेरिकेतील कोळसा खाणींच्या पाण्यासाठी अशा पाणथळ रचना अनेक दशके वापरात आहेत. इथे बहुतांश धातू पानांत जाण्याऐवजी खडीवर थांबतो, त्यामुळे कापणीचा भार कमी होतो. पण काही वर्षांनी खडी बदलावी लागते.

तांबे, शिसे, कॅडमियम यांचे प्रमाण कमी पण क्षेत्र विस्तृत असेल, तर लेम्ना किंवा अ‍ॅझोला यांसारख्या लहान तरंगत्या वनस्पती सोयीच्या असतात. त्या जाळीने सहज गोळा करता येतात. मात्र अ‍ॅझोला भातखाचरात खत म्हणून आणि जनावरांना खाद्य म्हणून वापरली जाते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. धातू काढण्यासाठी वाढवलेली अ‍ॅझोला गोठ्यात गेली, तर पाण्यातील धातू दुधाच्या वाटेने घरात परततो.

याच कारणाने पाणवठ्याकाठच्या खाद्य वनस्पतींबाबत सावध राहावे लागते. शिंगाडा, नाळीची भाजी आणि अळू या तिन्ही वनस्पती पाणी व गाळातून धातू घेतात. सांडपाण्याच्या नाल्याकाठी अळू जोमाने वाढते म्हणून ते तिथलेच तोडून आणण्याची सवय विदर्भात आहे तशी गोव्यातही आहे. जे गुण एखाद्या वनस्पतीला शुद्धीकरणास योग्य ठरवतात, तेच तिला ताटात येण्यास अयोग्य ठरवतात. शुद्धीकरणाची जागा आणि भाजीची जागा एक असता कामा नये.

कापलेले न्यायचे कुठे?

वनस्पती बाहेर काढल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. साध्या जलपर्णीपासून कंपोस्ट, बायोगॅस, टोपल्या असे बरेच काही करता येते. धातू शोषलेल्या जलपर्णीचे कंपोस्ट करणे म्हणजे तलावातील धातू शेतात पसरणे. बायोगॅस मिळवता येतो, पण धातू उरलेल्या मळीत राहतो. ती जाळली तर भार खूप कमी होतो आणि धातू राखेत एकवटतो. मात्र उघड्यावर जाळल्यास पारा व कॅडमियम धुराबरोबर हवेत जाऊ शकतात. म्हणून योग्य भट्टीत जाळणे आणि राख तपासून, गरज पडल्यास घातक कचऱ्यासाठीच्या सुरक्षित भरावक्षेत्रात पुरणे, हाच शास्त्रोक्त मार्ग आहे.

असे भरावक्षेत्र महाराष्ट्रात नागपूरजवळ बुटीबोरी येथे आहे, तर मध्य प्रदेशात इंदूरकडील पीथमपूर येथे. पांढुर्ण्याहून बुटीबोरी जवळ आहे, पण मध्ये राज्याची सीमा आहे आणि घातक कचरा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास परवानगी लागते. पीथमपूर राज्यातच असले तरी दूर आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा उरलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी तीव्र विरोध केला होता. एका गावाचे शुद्धीकरण दुसऱ्या गावाची चिंता होते, हे त्या प्रसंगाने देशाला दाखवले. जलपर्णीची राख त्या कचऱ्याइतकी भयंकर नसली, तरी तिचे स्थान आधी निश्चित करावे लागेल, हा नियम तिलाही लागू आहे.

करायचे तर कसे?

पांढुर्णा-सौंसरसाठी मार्गदर्शन दूर शोधावे लागत नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात ‘नीरी’, हिने खडीच्या वाफ्यांत पाणकणीस, कर्दळ इत्यादी वनस्पती लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे ‘फायटोरिड’ तंत्र विकसित केले आहे. ते मुख्यतः घरगुती सांडपाण्यासाठी असले, तरी त्याची रचना आणि देखभाल यांचा अनुभव इथे उपयोगी पडेल. याच संस्थेने सौंसरला लागून असलेल्या सावनेर तालुक्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातील प्रेसमड आणि जिवाणू खते वापरून झाडे वाढवली. पाण्याच्या दृष्टीने हे काम अधिक मोलाचे आहे. उघड्या ढिगाऱ्यावर हिरवे आच्छादन आले की पावसाबरोबर वाहणारी माती थांबते आणि धातू ओढ्यापर्यंत पोहोचतच नाही. पाण्यात उतरलेला एक किलो धातू काढण्यापेक्षा तो ढिगाऱ्यावरच रोखणे कितीतरी स्वस्त पडते.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम तपासणी. गावपातळीवरील तपासणी संचांतून लोह, फ्लोराइड, नायट्रेट अशा मोजक्या घटकांचा अंदाज येतो. शिसे, कॅडमियम, मँगनीज यांचे नेमके प्रमाण प्रयोगशाळेतच कळते. पाण्याबरोबर गाळाचीही तपासणी व्हावी, आणि ती उन्हाळ्याच्या अखेरीस व पहिल्या पुरानंतर अशी दोनदा व्हावी. दुसरे, धातू कुठून येतो ते शोधून तिथेच अडवणे: ढिगाऱ्यावर आच्छादन, बागेच्या उतारावर गवताचे पट्टे, कारखान्याच्या व गॅरेजच्या सांडपाण्यावर मुळातच प्रक्रिया. तिसरे, नदीच्या मुख्य पात्राऐवजी तिला मिळणाऱ्या नाल्यांवर, आटोक्यात राहतील असे वनस्पतींचे वाफे. मुख्य पात्रात लावलेले काहीही पहिल्या पुरात वाहून जाते. चौथे, लागवडीच्या दिवशीच कापणीचे वेळापत्रक, वाळवण्याची जागा, राखेचे ठिकाण आणि या सर्वांसाठी पुढील पाच वर्षांचा निधी ठरवणे. यातील चौथी अट पूर्ण होत नसेल तर पहिल्या तीन ठेवाव्यात आणि वाफे लावू नयेत.

गोव्यासाठी अर्थ

गोव्यात दक्षिणेची तहान भागवणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोट क्षेत्रात लोह व मँगनीजच्या खाणी होत्या, आणि त्या पाण्यातील मँगनीजची चर्चा इथे झालेली आहे. डिचोली-सत्तरी भागातील पाणी भरलेले खाणखंदक उन्हाळ्यात उपयोगी पडतील, असा विचारही अनेकदा पुढे येतो. खोल खंदकाच्या तळाशी प्राणवायू कमी असतो. त्यामुळे वरच्या थराचे पाणी चांगले असूनही तळाचे पाणी मँगनीजयुक्त असू शकते. अशा खंदकावर जलपर्णी सोडून तिच्यावर शुद्धीकरण सोपवणे चुकीचे ठरेल. पाणी वरच्या थरातून उचलणे, ते उथळ वाफ्यांतून हवेशीर वाहू देणे, खंदकाभोवतीचे ढिगारे झाडांनी झाकणे आणि तपासणीचे आकडे लोकांसमोर ठेवणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. खाणपट्ट्यातील भातशेतीत वाहून येणाऱ्या मातीबाबतही हेच म्हणता येईल: ती शेतात आल्यावर काढण्यापेक्षा वर अडवणे सोपे.

जलवनस्पती हे स्वस्त आणि गुणकारी साधन आहे, याविषयी दुमत नाही. प्रयोगशाळेत त्यांनी आपली क्षमता सिद्ध केली आहे. परंतु वनस्पती धातू उचलून केवळ आपल्या अंगात साठवते. तिला वेळेवर पाण्याबाहेर काढणे आणि जिथे तो धातू कोणाच्या विहिरीत, गोठ्यात वा ताटात जाणार नाही तिथे पोहोचवणे, हे उरलेले काम माणसांचे, नगरपालिकांचे आणि शासनाचे आहे. पांढुर्ण्यात पोळ्याला नदीवर बैल धुण्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्याला आणि कन्हानच्या पाण्यावर जगणाऱ्या नागपूरकराला या दुसऱ्या अर्ध्या कामाची हमी मिळाली, तरच पहिल्या अर्ध्याला अर्थ आहे.